पिंजऱ्यातली साक्ष

वर्गात कीटकांवरचा एखादा उतारा आला की कुणीतरी मागच्या बाकावरून विचारतंच, "सर, प्रार्थना कीटकाची मादी नराला खाते ना?" मग मुलं हसतात आणि मुलींकडे बघतात. म्हणून ही गोष्ट आली कुठून, ते पाहावंसं वाटलं.

1886 साली अमेरिकेतल्या हॉवर्ड या कीटकशास्त्रज्ञाने 'सायन्स'मध्ये एक पत्र छापलं. त्याने एका बरणीत मादीजवळ नर सोडला. तिने आधी त्याचे पुढचे पाय खाल्ले, मग डोकं. तरी त्या बिनडोक्याच्या नराने मीलन पूर्ण केलं! पुढे 1897 मध्ये फ्रान्सच्या फाब्रने जाळीच्या पिंजऱ्यातला प्रकार लिहिला: एकाच मादीने दोन आठवड्यांत सात नर फस्त केले. फाब्रची लेखणी अशी की जगाला तेवढंच लक्षात राहिलं. (हा फाब्रही शिक्षकच. मुलींना फुलांचं परागण शिकवलं म्हणून धर्ममार्तंड चिडले आणि त्याला अविन्यों सोडावं लागलं.)

1935 मध्ये रोडरने दाखवलं की डोक्यातली एक मज्जागाठ नराच्या मीलनाच्या हालचाली रोखून धरते; ती गेली की हालचाली सुरू होतात. लोकांनी लगेच अर्थ काढला, की डोकं गेल्याशिवाय नराला जमतच नाही. हे साफ चूक. धडधाकट नर नीट मीलन करतो आणि पुष्कळदा उडूनही जातो.

खरा प्रश्न पिंजऱ्याचा आणि पोटाचा होता. 1980च्या दशकात लिस्के आणि डेव्हिस यांनी चिनी जातीच्या माद्यांना पोटभर खाऊ घातलं, एकांत दिला, कॅमेऱ्याने टिपलं. नर खाल्ला गेला नाही, उलट दोघांचा लांबलचक प्रणयनाच दिसला. मग सगळी दंतकथाच का? तसंही नाही. 1992 मध्ये लॉरेन्सने पोर्तुगालच्या उघड्या रानात युरोपीय जातीची मीलनं पाहिली, तेव्हा त्यांतल्या सुमारे 31 टक्क्यांत नर खाल्ला गेला. रानातली मादी बऱ्याचदा उपाशी असते. 2016 मध्ये ब्राउन आणि बॅरी यांनी दाखवलं की खाल्लेल्या नराच्या शरीरातलं पोषण अंड्यांत जातं, आणि नर खाणारी मादी जास्त अंडी घालते. म्हणजे बापाचा वाटा पिल्लांपर्यंत पोचतोच.

मागच्या बाकाला मी आता एवढंच विचारतो, "बरणीत कोंडलं कुणी? आणि जेवण दिलं होतं का?"