पाटणच्या मठापासून शाळेच्या गच्चीपर्यंत

मार्च १९९६. आपण दहावीच्या परीक्षेच्या धास्तीत होतो आणि आकाशात ह्याकुताके धूमकेतू आला होता. २५ मार्चला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. दुर्बिणीतून तो काही बघता आला नाही, कारण ओळखीत कुणाकडे दुर्बीणच नव्हती. दुर्बीण घरी करता येते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर शिकलेलं वाटून देण्याची परंपरा आपल्याच खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपण बहुतेक जण जाऊन आलो आहोत. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० चा. ग्रंथ नुसता जपून भागत नाही, तो शिकवावा लागतो, हे चांगदेवांनी ओळखलं होतं.

याच्या उलट उदाहरण पुण्याचं. प्रा. कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या मदतीने तिथे वेधशाळा उभारली. तिच्यातली २० इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊरहून घेतले. पण १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र एका माणसाच्या जिवावर उभं असलं की असंच होतं.

हौशी मंडळींनी दुसरी वाट धरली. अमेरिकेत रसेल पोर्टर यांनी आरसा घासण्याची कृती मासिकातून सर्वांसाठी लिहिली. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड आला, त्याचा आराखडाही सर्वांना खुला. त्यावर चालणाऱ्या फोकसरच्या फाइली आज कुणालाही मिळतात. अट एवढीच, की सुधारलेली आवृत्ती पुढे दिलीत तर तीही तशीच खुली ठेवा.

मी तशाच फाइलींवरून मोटरचा फोकसर बनवला. कारण साधं आहे : हाताने फोकस फिरवला की दुर्बीण हलते आणि शनी नाचू लागतो. एफ/५ दुर्बिणीत चित्र स्पष्ट राहतं ते सुमारे ६७ मायक्रॉनच्या आत, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढं. स्वस्तातली छोटी स्टेपर मोटर एका फेऱ्याला सुमारे २०४८ पावलं टाकते. माझ्या फोकसरची नळी एका फेऱ्यात २० मिलिमीटर सरकते, म्हणजे एका पावलाला साधारण १० मायक्रॉन. दुसरी अडचण थंडीची. ॲल्युमिनियमची एक मीटर नळी तापमान एक अंश उतरलं की २३ मायक्रॉन आकसते. आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दहा अंश सहज उतरतात. म्हणून तापमान मोजून फोकस सरकवण्याची सोय प्रोग्राममध्ये ठेवली.

उन्हाळ्याचा विचार मात्र त्या फाइलींत नव्हता. मे महिन्यात जळगावला बंद गाडीत ठेवलेलं माझं थ्रीडी प्रिंटचं कपलिंग मऊ होऊन वाकलं. ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच नरम पडतं. मग धुळ्याच्या एका लेथवाल्या काकांकडून पितळेचं करून घेतलं, त्याची मापं मूळ फाइलींना जोडली आणि ‘उष्ण प्रदेशासाठी’ अशी टीप लिहिली. खानदेशच्या उन्हाने जगाच्या वहीत घातलेली ही एक ओळ!

मागच्या स्नेहमेळाव्यात हीच दुर्बीण आपण शाळेच्या गच्चीवर लावली. गुडघ्यांमुळे विज्ञानाच्या बाईंना वाकता येत नव्हतं. त्यांनी खुर्चीत बसून बटण दाबलं आणि पडद्यावर शनीची कडी स्पष्ट केली. मग शेजारच्या सातवीतल्या मुलीच्या हाती बटण देत म्हणाल्या, “आता तू बिघडव आणि परत लाव.”

त्या सगळ्या फाइली मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवल्या आहेत. मुलांनी त्या उघडाव्यात, चुकावं, सुधारावं आणि काय सुधारलं ते पुढच्या वर्गासाठी लिहून ठेवावं.