इंग्रजी साहित्याचे विद्यापीठीय शिक्षण, मराठवाड्यातील

निजामी राजवटीत मराठवाड्याचे उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी (स्थापना १९१८) जोडलेले होते. तेथे माध्यम उर्दू, इंग्रजी मात्र सक्तीची. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले (पुढचे मिलिंद) आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. बीड जिल्हा आजही त्याच्याच कक्षेत येतो. ‘कोसला’कार भालचंद्र नेमाडे यांनी या विद्यापीठात इंग्रजी शिकवले. देशीवादाचा, म्हणजे साहित्य देशी परंपरेत रुजलेले असावे या भूमिकेचा, हा पुरस्कर्ता पेशाने इंग्रजीचा प्राध्यापक, हे लक्षणीय. ग्रामीण महाविद्यालयांत शेक्सपिअर बहुधा मराठीतून समजावला जातो. उत्तरपत्रिका मात्र इंग्रजीत लिहायची असते. गाइडांचा खप वाढला तो यामुळेच. मूळ नाटक पुष्कळदा कपाटातच राहते.