आजार त्याचा, बोल तिला

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले. सुनीती माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. तपासलेलं रक्त देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचं होतं. मग हा आजारही ‘तसल्या बायकांचा’ ठरला. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांचा तो कुणी म्हटला नाही.

त्याच सुमारास गडचिरोलीत राणी आणि अभय बंग कामाला लागले होते. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जंगलाचा जिल्हा. वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे छापून आले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. ही एचआयव्हीची मोजणी नव्हती. पण उपचाराविना राहिलेले लैंगिक आजार एचआयव्हीची वाट सोपी करतात. आजार गावात होताच. बाईला कुणी विचारलं नव्हतं.

चंद्रपूरच्या कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल यांच्यामागे ट्रक आले, घरापासून लांब राहणारे मजूर आले. अशा वाटांनी आजार घरी पोहोचतो. पण रक्त आधी तपासलं जातं ते गरोदर बाईचं. रिपोर्ट तिच्या नावाचा, म्हणून सासरच्यांच्या लेखी दोषही तिचाच. नवरा वारला तर तिच्या डोक्यावरचं छप्परही जातं.

आपल्याकडे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. नवऱ्याला तीव्र गुप्तरोग असेल तर बायकोला निकाह मोडून मागता येतो, असं त्यात लिहिलंय. म्हणजे आजार नवऱ्याकडून येऊ शकतो, हे कायद्याने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच मानलं होतं. मोहल्ल्याने अजून मानलेलं नाही.

२००४ पासून सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. ती नियमित घेणारा माणूस वर्षानुवर्षं जगतो, कमावतो. बाधित आईला निरोगी मूल होऊ शकतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ मध्ये लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि बाधित बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, असं तो सांगतो. हे कलम तिला वाचून दाखवणारं कुणीतरी हवं. जुम्याला जमणाऱ्या आपल्यापैकीच कुणी ते का करू नये?