दोन मापें आणि एक वेग

सोलापूरच्या पेठांत सुताची देवघेव करणाऱ्या व्यापाऱ्याला मापांची अदलाबदल नवी नाहीं. ८४० वारांची एक लड धरून एका रत्तलांत जितक्या लडी भरतात, तो त्या सुताचा नंबर, हा हिशेब इंग्लंडांतून गिरण्यांबरोबर आला. पुढें दशमान पद्धतीबरोबर ‘टेक्स’ हें माप आलें. हजार मीटर सुताचें वजन जितके ग्रॅम, तितके टेक्स. ५९०.५ या आंकड्यास जुन्या नंबरानें भागलें कीं टेक्स मिळतात. वीस नंबरचें सूत सुमारें साडेएकोणतीस टेक्सचें ठरतें. सूत तेंच, जाडी तीच. पालटला तो केवळ आंकडा. या ५९०.५ मध्यें कापसाचें कोणतेंहि रहस्य नाहीं. वार किती लांब आणि रत्तल किती जड, हें माणसांनीं ठरविलें आणि त्यांतून हा आंकडा उपजला.

विजेच्या भाराचीं दोन मापें एकमेकांत बदलूं जातां शास्त्रज्ञांच्या हातीं जें आलें, तें मात्र माणसानें ठरविलेलें नव्हतें. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

कूलंब या फ्रेंच इंजिनिअरानें १७८५ सालीं बारीक तारेच्या पिळावर चालणारा एक नाजूक कांटा तयार केला आणि दोन विद्युद्भारित गोळ्या एकमेकींस किती जोरानें दूर लोटतात, हें मोजलें. अंतर दुप्पट केलें कीं जोर चौथाईवर येतो, हा नियम त्यानें दाखविला. या नियमावरून पुढें भाराचें पहिलें माप ठरलें. एक सेंटिमीटर अंतरावरचे दोन सारखे भार एकमेकांस एका डाइनच्या जोरानें लोटूं लागले, म्हणजे त्यांतील प्रत्येक भार एक माप समजावयाचा. हें स्थिर विजेचें माप झालें.

१८२० सालीं कोपनहेगन येथें ओर्स्टेड यांस आढळून आलें कीं, तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळची चुंबकसूची वळते. तेव्हां वाहत्या विजेचा प्रवाह तिच्या चुंबकीय जोरावरून मोजतां येऊं लागला. असा एक माप प्रवाह एका सेकंदांत जितका भार वाहून नेतो, तें भाराचें दुसरें माप. वीज एकच, पण तिला दोन तराजू झाले. रेशमानें घासलेल्या कांचेवरची वीज आणि घटांतून निघणारी वीज या भिन्न नाहींत, हें फॅरडे यांनीं १८३३ सालीं सिद्ध केलेंच होतें. मग एका मोठ्या मापांत दुसरीं लहान मापें किती भरतात, हा प्रश्न उरला.

तो सोडविण्याचें काम विल्हेल्म वेबर आणि रुडॉल्फ कोलराऊश या दोन जर्मन शास्त्रज्ञांनीं हातीं घेतलें. हे वेबर म्हणजे हॅनोव्हरच्या राजानें राज्यघटना रद्द केली, तेव्हां निषेध नोंदवून १८३७ सालीं प्राध्यापकाची जागा गमावणाऱ्या गटिंगेनच्या सात विद्वानांपैकीं एक. या दोघांनीं लेडनच्या बरणींत वीज सांठविली. तिचा भार एकदां पिळाच्या कांट्यावर स्थिर असतां मोजला आणि मग तीच वीज तारेंतून सोडून चुंबकसूचीच्या झोंक्यावरून पुन्हां मोजला. १८५६ सालीं त्यांनीं उत्तर प्रसिद्ध केलें.

तें उत्तर नुसता आंकडा नव्हता. एक माप स्थिर भाराचें, दुसरें वाहत्या भाराचें. आणि वाहणें म्हटलें कीं अंतर व काळ आलाच. म्हणून दोन्ही मापांच्या भागाकारांत एक वेग शिल्लक राहतो. वेबर यांनीं आपल्या व्याख्येप्रमाणें तो सेकंदाला ४,३९,४५० किलोमीटर असा मांडला होता. त्यांची व्याख्या दोनाच्या वर्गमूळाच्या पटीनें निराळी असल्यानें त्या आंकड्यांत काय दडलें आहे, हें सहजीं दिसेना. कोलराऊश १८५८ सालीं, पन्नाशीहि न गांठतां, निवर्तले.

१८५७ सालीं किर्खॉफ यांनीं तारेंतील विजेच्या गतीचें गणित करतांना तिचें प्रकाशाशीं असलेलें साम्य टिपलें होतें. परंतु त्यामागचें कारण उलगडलें तें मॅक्सवेल यांनीं. १८६१ च्या उन्हाळ्यांत ते स्कॉटलंडमधील आपल्या गांवीं होते. तेथें त्यांनीं समीकरणें मांडलीं. आंकडे पाहावयाचे तर लंडनला परतणें भाग होतें. परत आल्यावर वेबर यांचा आंकडा त्यांनीं आपल्या व्याख्येंत बसविला. तो सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर निघाला. फिझो यांनीं १८४९ सालीं फिरत्या दातेरी चाकानें मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारें ३,१५,००० होता. शंभरांत दोनाचाहि फरक नाहीं! बरणी, तार आणि सूची यांच्या प्रयोगांत कोठेंहि दिवा नव्हता. तरीहि त्यांतून प्रकाशाचा वेग निघाला. प्रकाश ही विजेचीच व चुंबकत्वाची लहर आहे, असा निष्कर्ष मॅक्सवेल यांनीं काढला. १८८७-८८ मध्यें हर्ट्झ यांनीं तशा लहरी प्रयोगशाळेंत उत्पन्न करून दाखविल्या.

आज कोष्टक साधें आहे. वाहत्या विजेच्या एका मापांत स्थिर विजेचीं सुमारें तीस अब्ज मापें भरतात. आणि प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीस अब्ज सेंटिमीटर जातो. १८८१ च्या पॅरिस परिषदेनें व्यवहारासाठीं मोठ्या मापाचा दहावा हिस्सा घेऊन त्यास कूलंबचें नांव दिलें. बॅटरीवर लिहिलेला एक अँपिअर-तास म्हणजे ३,६०० कूलंब. २० मे २०१९ पासून तर कूलंबचा आधार इलेक्ट्रॉनच्या भारावर ठेवला आहे, सुमारें ६.२४ गुणिले दहाचा अठरावा घात इतक्या इलेक्ट्रॉनांचा भार एक कूलंब भरतो.

सेंटिमीटर आणि सेकंद माणसाचे; त्यांत मोजला गेलेला वेग मात्र निसर्गाचा. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां तेथून निघालेला शब्द याच वेगानें धांवत होता. मुंबईहून सोलापुरास पोंचावयास अशा लहरीला सेकंदाच्या पांचशेव्या भागाहूनहि कमी वेळ लागतो. दोन तराजूंचा मेळ घालण्याचें तें नीरस काम कोणी नेटानें केलें नसतें, तर त्या लहरींचा मागमूस लागावयास न जाणों किती काळ गेला असता.