गाडीतले गाणे आणि ते बसवणारे हात

कागल मागे पडले की कोगनोळीचा नाका, मग निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा घाट आणि बेळगाव. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात या रस्त्याचे पाठांतर तीन पिढ्यांचे आहे. लग्नकार्य, दवाखाना, तंबाखूचा व्यवहार, गणपतीला घरी येणे, सगळे याच वाटेने. सीमाभागाचा इतिहास आपण लढ्यांतून, नाटकांतून आणि वखारींतून सांगत आलो. या वाटेवर गाडीत काय वाजत होते आणि ते वाजवणारे यंत्र गाडीत बसवले कोणी, याची नोंद मात्र कुठे झालेली नाही. विषय लहान दिसतो. पण कोणत्या भाषेतले गाणे ऐकायचे हे प्रवाशाच्या हाती कसे आले, याची गोष्ट त्यात दडलेली आहे.

सुरुवात दूरची आहे. अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने 1930 मध्ये मोटारीत बसवता येईल असा रेडिओ विकायला काढला. ‘मोटार’ला त्या काळच्या ग्रामोफोनच्या नावांतले ‘ओला’ हे शेपूट जोडून त्याचे नाव ठेवले मोटोरोला. पुढे कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. जर्मनीत ब्लाउपुंक्टचा पहिला कार रेडिओ 1932 मध्ये आला. त्याची पेटी सुमारे 10 लिटरच्या डब्याएवढी होती, त्यामुळे ती एकीकडे ठेवून फिरवायची बटणे स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवावी लागत. त्या रेडिओतल्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत, आणि गाडीची बॅटरी 6 किंवा 12 व्होल्टची. म्हणून व्हायब्रेटर नावाचा एक थरथरणारा भाग बॅटरीचा प्रवाह सतत तोडत-जोडत राही आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. 1950 च्या दशकात ट्रान्झिस्टर आला, तेव्हा पेटी आटली आणि बॅटरीवरचा भारही उतरला.

आपल्याकडे गाडी म्हटले की दीर्घकाळ दोनच नावे होती. सोलापूरच्या मातीतून आलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, जी 1970 च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. आणि हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर, जी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 2014 पर्यंत बनत राहिली. या गाड्या विकत घेताना रेडिओ गृहीत धरलेला नसे. तो वेगळा घ्यायचा, वेगळा बसवून घ्यायचा आणि त्याचा वार्षिक परवाना पोस्टातून काढायचा. 1980 च्या दशकात परवान्याची ही पद्धत संपली. तोवर गाडीतला रेडिओ म्हणजे ऐपत दाखवणारी वस्तू होती. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत ती आधी व्यापाऱ्यांच्या गाड्यांत दिसावी, यात नवल नाही.

रेडिओ लावला, तरी त्यावर लागायचे काय? इथे आपल्या भागाचे वेगळेपण सुरू होते. धारवाडचे आकाशवाणी केंद्र 8 जानेवारी 1950 रोजी सुरू झाले, पुण्याचे 1953 मध्ये, सांगलीचे 1963 मध्ये. मधल्या काळात 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. नकाशावरची रेघ एका दिवसात ओढली गेली. रेडिओच्या लहरींना मात्र नाका माहीत नव्हता. मध्यम लहरींवर धारवाड 765 किलोहर्ट्झला आणि पुणे 792 ला. रेडिओच्या काचेवर ही दोन केंद्रे अगदी शेजारी-शेजारी येतात. बटण जरा पुढे गेले की मराठी, जरा मागे आले की कन्नड. रात्री दूरचे केंद्र स्पष्ट येई, दिवसा जवळचे. घाटात दोन्ही बुडत. हिंदी गाण्यांसाठी रेडिओ सिलोन होतेच, आणि 3 ऑक्टोबर 1957 पासून विविध भारती.

पुढे पाच बटणांचे रेडिओ आले. बटण बाहेर ओढायचे, केंद्र लावायचे आणि बटण परत आत दाबायचे, की ते केंद्र त्या बटणावर पक्के. पाच बटणांवर कोणती पाच केंद्रे ठेवायची, हा सीमाभागातल्या घरासाठी साधा प्रश्न नव्हता. आजोबांना सांगली हवे, मुलांना सिलोन आणि ड्रायव्हरला धारवाड. आपण दोन भाषांत जगतो हे कुठल्याही ठरावापेक्षा त्या पाच बटणांवर अधिक प्रामाणिकपणे उमटलेले असे.

आता बसवण्याच्या कामाकडे येऊ. जुन्या गाड्यांचा डॅशबोर्ड पत्र्याचा. सोपा मार्ग म्हणजे दोन पट्ट्या मारून रेडिओ खाली लोंबता सोडायचा. गुडघ्याला लागे, खड्ड्यात हले, पण वाजे. नीट बसवायचा तर काम वाढे. त्या काळच्या रेडिओला दोन टोकांना दोन दांडे आणि मधोमध काचेचे तोंड असे. पुठ्ठ्यावर त्याचा साचा काढायचा, तो डॅशबोर्डावर धरून आखायचे, आधी लहान भोके पाडायची, मग हॅक्सॉच्या पात्याने कापत जायचे आणि शेवटचा सूतभर भाग कानशीने घासून आणायचा. एकदा जास्त कापले की पत्रा परत येत नाही, म्हणून जाणता कारागीर भोक नेहमी लहानच ठेवी. समोरून बसलेला रेडिओ मागून मोकळा राहिला तर त्याच्या वजनाने पुढचे तोंड झुके. यासाठी मागे लोखंडी पट्टीचा आधार. हा आधार बाहेरून कधीच दिसत नाही, आणि काम चांगले की वाईट हे त्यावरच ठरते.

वायरिंगचे शहाणपण आणखी वेगळे. काही जुन्या ब्रिटिश घाटणीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. ते न पाहता रेडिओ जोडला तर तो पहिल्याच मिनिटाला जळे. इंजिन सुरू होताच स्पीकरमधून टरटर येई. त्यासाठी प्लगच्या वायरींना सप्रेसर, डायनामोला कंडेन्सर आणि एरियलच्या बुडाशी रंग खरवडून पक्की अर्थिंग. वेगळा फ्यूज टाकायचा, आणि वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळण्याऐवजी सोल्डर करायच्या. हे कुठल्या शाळेत शिकवले जात नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली ती बेळगावातच. पुढे उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप उभे राहिले. लोखंडाला हात लावायला न कचरणाऱ्या या गावाला ऑटो इलेक्ट्रिशियनही त्याच तोडीचे मिळाले.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती 1963 मध्ये जगासमोर ठेवली आणि 1968 मध्ये गाडीतला कॅसेट प्लेअर आणला. आपल्याकडे तिचा खरा जोर 1970 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1980 च्या दशकात. परदेशी मालावर कडक निर्बंध होते, त्यामुळे चांगला डेक मिळवणे हाच एक उद्योग होता. मुंबईच्या मनीष मार्केटमधून, आखातातून सुटीवर येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून सोनी, पायोनियर, केनवूड येत. गोव्याचा रस्ता तर जुनाच. पोर्तुगीज अमलात तिकडे परदेशी वस्तू मिळत आणि रेल्वेने येणाऱ्यांचे सामान कॅसलरॉकला कस्टमवाले तपासत.

कॅसेटने केंद्रावरचे अवलंबन संपवले. आता तवंदीच्या घाटात आवाज बुडत नव्हता आणि कोणते गाणे लागेल याची वाट पाहायची नव्हती. गदगच्या भूमीतून आलेल्या पंडित भीमसेन जोशींनी मराठी अभंगांची ‘संतवाणी’ गायली आणि कन्नड ‘दासवाणी’ही. आपल्या गाड्यांच्या खणात या दोन्ही कॅसेटी शेजारी नांदल्या. पंडितजींचे मोटारींचे वेड आणि मैफलींसाठी स्वतः गाडी हाकत केलेले लांबचे प्रवास रसिकांना माहीत आहेतच.

बसवणाऱ्यांचे कामही वाढले. मागच्या काचेखालच्या फळीत सहा बाय नऊ इंचाचे लंबगोल स्पीकर बसवायचे, तर प्लायवूड लंबगोल कापून त्यावर गाडीच्या सीटच्या रंगाचे रेक्झिन चढवायचे. स्पीकरच्या तारा गालिच्याखालून अशा न्यायच्या की पाय अडकू नये. चोऱ्या वाढल्या तसे हँडल धरून ओढून काढायचे डेक आले. नंतर नुसता पुढचा भाग सुटणारे आले, जो खिशात घालून लोक लग्नाच्या मांडवात फिरत.

हाताच्या या कामाला पहिला धक्का एका मापाने दिला. रेडिओच्या तोंडाचे जर्मनीत ठरलेले 180 बाय 50 मिलिमीटर हे माप 1984 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. दुप्पट उंचीचा डबल डिन त्यानंतरचा. मारुतीनंतरच्या प्लास्टिक डॅशबोर्डांत ही खाच कारखान्यातूनच झाकण लावून येऊ लागली. झाकण काढा, पत्र्याची चौकट आत सरकवा, तिचे कान स्क्रू ड्रायव्हरने वाकवा, डेक आत ढकला. वायरींचे रंगही बहुधा ठरलेले: पिवळी कायम चालू, लाल किल्लीवर, काळी अर्थिंगला. पुठ्ठ्याचे साचे आणि कानशी बाजूला पडल्या. तरी बिनआवाजाची अर्थिंग आणि मागचा आधार यांसाठी जाणता माणूस लागतच होता.

दुसरा धक्का आता बसतो आहे. आजच्या अनेक गाड्यांत गाणे, नकाशा, एसी आणि मागचा कॅमेरा एकाच पडद्यात आहेत. तो काढून दुसरा बसवण्याची सोय फारशी नाही, आणि वायर कापली तर वॉरंटीचा प्रश्न येतो. सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, आता फोन. पुढचे गाणे बहुधा फोनच सुचवतो. पाच बटणांवर कोणती केंद्रे ठेवायची यावर घरात होणारा वाद थांबला आहे, आणि बेंगळुरू-पुण्यात वाढणारी नातवंडे या रस्त्यावरून येताना मराठी ऐकतील की नाही, हे आता सवयीवर सोपवले गेले आहे.

म्हणून एक सूचना. आपल्या अनेक घरांत कपाटावर कॅसेटींचा डबा आहे. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. पण गावच्या नाटकाची तालीम, मंडळाच्या व्यासपीठावरचे कीर्तन, आजीने म्हटलेल्या ओव्या अशा घरी ध्वनिमुद्रित केलेल्या फिती दुसरीकडे कुठेच नाहीत. फितीला बुरशी धरते, डेकचा रबरी पट्टा वितळतो. त्या चालवू शकणारे यंत्र कित्येकदा जुन्या गाडीतच उरलेले असते, आणि ते दुरुस्त करू शकणारे हात आता साठी-सत्तरीत आहेत. येत्या वर्षात त्या हातांकडे जाऊन फिती संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्याच बैठकीत त्या कारागिरांच्या आठवणीही लिहून घ्याव्यात. पुढच्या गणेशोत्सवात हा संग्रह मंडळात ऐकवता आला, तर सीमाभागाच्या इतिहासात एका न लिहिलेल्या पानाची भर पडेल.