बेलवाडीचे रिंगण, इंदापूरचे रिंगण आणि मधली एक रात्र

वारीच्या इतिहासात संत, राजे आणि मानकरी यांच्या नोंदी विपुल आहेत. वारकऱ्याच्या पोटरीची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. हा धागा तिच्याविषयी.

1685 साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी देहूहून पालखी सोहळा सुरू केला. आजही ही पालखी बारामतीत मुक्काम करून काटेवाडीमार्गे सणसरला येते आणि पुढे इंदापूर तालुक्यातील बेलवाडी येथे तिचे पहिले गोल रिंगण होते. देहू सोडून तोवर आठवडा उलटलेला असतो.

रिंगणात प्रथम पताकाधारी धावतात. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी, टाळकरी, पखवाजवादक यांच्याही फेऱ्या होतात. अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळी लावली जाते. टाळकऱ्यांच्या पावल्या, फुगड्या आणि उड्या यांना तर अंतच नसतो. पाहणाऱ्याला त्यात केवळ उत्साह दिसतो. परंतु दररोज कित्येक कोस चाललेले पाय येथे उडी घेतात आणि पुन्हा जमिनीवर उतरतात, याचा विचार क्वचितच होतो.

उडीचा खरा भार वर जाताना पडत नाही, खाली येताना पडतो. साध्या धावण्यातसुद्धा प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून परत येतो. उंचीवरून उतरताना तो त्याहून पुष्कळ वाढतो. गुडघा वाकतो, मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताठ असतानाच ताणले जातात आणि धक्का गिळतात. पुढच्याच क्षणी तोच ताण स्प्रिंगसारखा परतवून माणूस पुन्हा उसळतो. स्नायूंतील सूक्ष्म तंतूंची सर्वाधिक झीज या ताणल्या जाण्यातच होते.

या क्रियेचे शास्त्र रचले ते सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी, 1960च्या दशकात. खेळाडूने उंच ठोकळ्यावरून खाली उतरायचे आणि पाय टेकताच वर झेपावायचे, ही त्यांची ‘आघात पद्धत’. 1975 साली अमेरिकी प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव रूढ केले. वेर्खोशान्स्की यांचा आग्रह उड्या मोजून आणि पुरेशा विश्रांतीने घेण्यावर होता. नाव जगभर पसरले, आग्रह तेवढा पसरला नाही.

विश्रांती कशासाठी, याचा उलगडा फिनलंडमधील पावो कोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून झाला. दीर्घ, दमवणाऱ्या उड्यांनंतर पायांची ताकद लगेच घटते. काही तासांत ती बरीचशी सावरते, माणसाला हायसे वाटते. आणि मग एक-दोन दिवसांनी ती पुन्हा घसरते. या दुसऱ्या घसरणीत स्नायू दुखतात, पाय जमिनीवर अधिक वेळ रेंगाळतो, उतरण्याची ढब बिघडते. फसवणूक होते ती मधल्या काळात.

आता पालखीचे वेळापत्रक पाहावे. बेलवाडीच्या रिंगणानंतर निमगाव केतकीला मुक्काम होतो आणि अलीकडच्या क्रमानुसार दुसऱ्याच दिवशी इंदापुरात पुन्हा गोल रिंगण. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे जेथे लढताना पडले, तेच हे इंदापूर. म्हणजे दुसरी घसरण सुरू होण्याच्या सुमारास पायांना दुसरे रिंगण सामोरे येते. तरीही ते पार पडते, यामागे श्रद्धेखेरीज माती आहे. मोकळ्या रानातील माती पायाखाली दबते, थांबण्याला क्षणभर अधिक अवधी देते आणि धक्क्याचे टोक बोथट करते. तालमीतील हौदाची माती तेल, ताक, हळद घालून मऊ राखली जाते, तिचाही एक हेतू हाच: पडणारा मोडू नये.

वाटेवर मात्र माती उरलेली नाही. पाटस, बारामती, इंदापूर असा जाणारा पालखी मार्ग आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या कामाची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. या परिसरातील भरतीची तयारी करणारी मुले पहाटे अशाच कठीण रस्त्यांवर धावतात आणि मोबाईलवर पाहिलेल्या उड्या काँक्रीटवर मारतात. आदल्या दिवशीचे दुखणे संध्याकाळी कमी झाले की तीच संख्या पुन्हा. कोमींचा आलेख त्यांना कोणी दाखवलेला नसतो. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखू लागले की ‘सवय नाही’ एवढेच निदान होते.

वारीत या थकव्यावर जुना उपाय आहे. मुक्कामाच्या गावी ग्रामस्थ कोमट पाणी आणि तेल घेऊन बसतात व अनोळखी वारकऱ्याच्या पोटऱ्या चोळून देतात. या सेवेचा मोबदला कोणी घेत नाही. निमगावच्या त्या एका रात्रीत किती पाय असे चोळले जातात, याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही.