कारखान्याच्या फाटकावरची दोन नावे

वर्तकनगरातून वागळे इस्टेटकडे चालत निघाले तर अर्ध्या-पाऊण तासात आपण कारखान्यांच्या रांगांत पोचतो. वर्तकनगरला लागून असलेल्या रेमंडच्या गिरणीच्या जागेवर आता उंच इमारती उभ्या आहेत. इस्टेटीत मात्र लहान कार्यशाळा अजून बऱ्याच आहेत. अशा कारखान्यांच्या फाटकाजवळ एक छापील तक्ता लावलेला असे. तो मुख्य प्रवेशद्वाराजवळ, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावा, असे कायद्याचेच बंधन होते. या तक्त्यावर दोन नावे असत : 'कारखाने अधिनियम, १९४८' आणि 'महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३'. पहिला कायदा संसदेचा, दुसरे नियम राज्य शासनाचे. एकाच यंत्रापाशी उभ्या असलेल्या एकाच कामगाराच्या रक्षणासाठी दोन सरकारे कशाला लागतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना सुमारे दीडशे वर्षे मागे जावे लागते.

मुंबईत सुरुवात

मुंबईतील कापड गिरण्यांची पाहणी करण्यासाठी १८७५ साली मुंबई सरकारने एक आयोग नेमला. लहान मुले यंत्रांवर काम करीत होती आणि कामाच्या तासांना धरबंध नव्हता. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी समाजसुधारकांनी १८७८ च्या सुमारास मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांविषयी विधेयक मांडण्याचा प्रयत्न केला. पण त्यांना परवानगी मिळाली नाही. प्रांताने कायदा करायचा की हिंदुस्थान सरकारने, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

अखेर १८८१ साली हिंदुस्थान सरकारने देशातला पहिला कारखाने कायदा केला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या व यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. ७ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आणि ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तासांची मर्यादा, ही त्यातली प्रमुख कलमे. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याचाही उल्लेख होता. मात्र निरीक्षक नेमणे आणि नियम करणे हे काम प्रांतिक सरकारांवर सोडलेले होते. कायदा वरून आणि अंमल खालून, ही आजपर्यंत टिकलेली विभागणी अशी पहिल्याच दिवशी पडली. या अंमलात काय उणे आहे ते पाहण्यासाठी मीड-किंग नावाच्या इंग्लंडमधील निरीक्षकाला १८८२ साली मुंबईला आणावे लागले.

उणिवा दाखविण्याचे काम कामगारांनीही केले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगाराला भरपाई अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन साप्ताहिक सुटी सर्व देशात आली. मुंबईतली मागणी अशा रीतीने देशाच्या कायद्यात गेली. प्रसूती रजेचेही असेच झाले : मुंबई प्रांताचा कायदा १९२९ चा, तर केंद्राचा १९६१ चा.

समवर्ती सूची म्हणजे काय?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूची असतात. विद्यार्थी त्या पाठ करतात आणि विसरतात. 'कारखाने' हा विषय १९३५ च्या कायद्यातच समवर्ती विषयांत होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतही तो तिथेच, ३६ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही या विषयावर कायदा करता येतो. दोन्हींत विरोध आला तर केंद्राचा कायदा टिकतो. राज्याला वेगळे काही हवे असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते.

१९४८ चा कारखाने कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. यंत्रशक्ती वापरणारा आणि १० कामगार असलेला प्रत्येक कारखाना त्याच्या कक्षेत आला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. परंतु कायद्यात तत्त्वे होती. मोजमापे बव्हंशी नव्हती. ती घालण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. मुंबई राज्याने १९५० साली आपले नियम केले. महाराष्ट्र झाल्यावर १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि वागळे इस्टेट हे त्याचे पहिले औद्योगिक क्षेत्र ठरले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र कारखाने नियम आले. वसाहत आणि नियम जवळजवळ एकाच वयाचे आहेत.

प्रत्येक राज्याने निराळे नियम केले तर गोंधळ माजेल, म्हणून केंद्राने 'आदर्श नियम' तयार केले. शीव येथील केंद्रीय श्रम संस्था ज्या महासंचालनालयाच्या अखत्यारीत आहे, त्याच्याकडे हे काम होते. आदर्श नियम हा नमुना असे. राज्याने स्वीकारून राजपत्रात छापल्याशिवाय त्याला कायद्याचे बळ येत नसे.

आकड्यात दडलेला निर्णय

यातले विज्ञान एका उदाहरणाने पाहू. गोंगाटाबाबत आदर्श नियमांत अशी मर्यादा आहे : ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. म्हणजे दर ५ डेसिबलला वेळ निम्मी. आता डेसिबल हे लॉगरिथमी माप आहे. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते. ५ डेसिबल वाढली तर ऊर्जा ३.१६ पट होते. वेळ मात्र निम्मीच केली. म्हणून ९५ डेसिबलमध्ये ४ तास काम करणाऱ्याच्या कानावर, ९० डेसिबलमध्ये ८ तास काम करणाऱ्याच्या तुलनेत सुमारे १.६ पट ऊर्जा पडते. नियमाच्या लेखी मात्र दोघेही सारखेच सुरक्षित!

मधल्या विश्रांतीत कान सावरतो, असे ५ डेसिबलच्या समर्थनार्थ सांगितले जाई. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९८ साली ८५ डेसिबल आणि ३ डेसिबलच्या पायरीची शिफारस केली. तेव्हा नियमातला आकडा निसर्गाने दिलेला नसतो. त्यामागे निरीक्षणे असतात, खर्चाचा हिशेब असतो, आणि किती जणांचे कान गेले तर चालतील याचा न बोललेला अंदाजही असतो.

भोपाळनंतर

१९८४ च्या डिसेंबरातील भोपाळ दुर्घटनेपर्यंत आपला कायदा मुख्यतः कारखान्याच्या भिंतीच्या आतल्या माणसाचा विचार करी. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीलाही देणे बंधनकारक झाले. समोर संकट दिसत असेल तर ते व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. मोठ्या रासायनिक अपघातांच्या नियंत्रणाचे केंद्राचे नियम १९८९ साली आले. महाराष्ट्राने कारखाने कायद्याखालील आपले नियम २००३ साली केले.

आणि तरीही डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. केंद्राचा कायदा होता, राज्याचे नियमही होते. त्यांच्या पलीकडे तिसरी पायरी असते : प्रत्यक्ष जाऊन पाहणारा निरीक्षक, आणि त्याने सांगितलेले ऐकणारा मालक. ती पायरी कागदावर चढता येत नाही.

नवी विभागणी

२०२० साली संसदेने १३ कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीची संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला. आता सुरक्षेची मानके केंद्र जाहीर करणार. राज्याला त्यांत बदल करायचा तर केंद्राची पूर्वसंमती हवी. यंत्रशक्तीच्या कारखान्याची व्याख्या १० वरून २० कामगारांवर गेली. वागळे इस्टेटीतली पंधरा माणसांची पॉवर प्रेसची कार्यशाळा आता 'कारखाना' ठरत नाही. १० कामगारांच्या 'आस्थापने'ला लागू असलेल्या तरतुदी तेवढ्या तिला लागू राहतात. प्रेसखाली सापडणारे बोट मात्र किती जण कामाला आहेत हे मोजत नाही.

अमेरिकेने हाच प्रश्न १९७० च्या कायद्यात निराळ्या रीतीने सोडवला. तेथे राज्याला स्वतःची योजना राबवता येते. अट एवढीच की ती केंद्राच्या योजनेइतकी तरी परिणामकारक असली पाहिजे. केंद्राचे मानक ही तळाची पायरी. वर चढण्यास राज्य मोकळे. मुंबई प्रांताने १९२९ साली प्रसूती रजेबाबत जे केले ते याच जातीचे होते. केंद्राच्या संमतीची नवी अट वर चढणाऱ्या राज्याला अडवते की खाली घसरणाऱ्याला, हे पुढल्या काही वर्षांत दिसेल.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. समवर्ती सूची शिकवताना आपल्या वर्गातील मुलांना विचारावे : घरातले कोण कारखान्यात जाते? तेथे फाटकावर काय लावले आहे? यंत्राला गार्ड आहे का, आणि असल्यास तो काम भरभर व्हावे म्हणून काढून ठेवलेला तर नाही ना? उत्तरे फळ्यावर लिहावीत. राज्यघटनेतील ३६ व्या क्रमांकाची नोंद मुलांना मग निराळी पाठ करावी लागणार नाही.